दंतवैद्यकाची प्रवेशपरीक्षा आणि एकशे ऐंशी मिनिटांचा हिशेब



आपल्या कमलनगरातून दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञानशाखेकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या घरी दोन वर्षे एकच शब्द कानी पडतो, तो म्हणजे 'नीट'. ही परीक्षा केवळ मोठ्या डॉक्टरकीची, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः दातांच्या डॉक्टरकीचा, म्हणजे बी.डी.एस. या अभ्यासक्रमाचा, प्रवेशही याच परीक्षेच्या गुणांवर होतो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ही परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि २०१७ पासून या अभ्यासक्रमांपुरत्या राज्यांच्या निरनिराळ्या परीक्षा संपल्या. चार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता असा हा पाच वर्षांचा मार्ग आहे. बिदर, कलबुर्गी, लातूर व नांदेड या आपल्या चारही दिशांच्या शहरांत दंतमहाविद्यालये आहेत. तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा नव्हे.

अभ्यास कोणता करावा हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. माझे शिक्षण बारावीपर्यंतचेच आहे. परंतु येत असलेल्या उत्तरांचे गुण हातचे कसे जातात, याविषयी मात्र मी अनुभवाने बोलू शकतो. १७ जुलै २०२२ रोजी मी स्वतः या परीक्षेस बसलो होतो. उत्तरे प्रश्नपुस्तिकेतच खुणा करून ठेवावीत आणि शेवटच्या वीस मिनिटांत उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे एकदम काळी करावीत, असे मी मनाशी ठरविले होते. भौतिकशास्त्रातील एका विद्युत्‌मंडलाच्या प्रश्नाने त्या वीस मिनिटांतील अकरा मिनिटे खाल्ली. शेवटची घंटा झाली तेव्हा सव्वीस खुणा पुस्तिकेत होत्या आणि त्यांची वर्तुळे कोरी होती. पुस्तिका घरी नेता येत असल्याने उत्तरसूची प्रसिद्ध झाल्यावर मी त्या पडताळून पाहिल्या. एकोणीस बरोबर होत्या, सात चूक. एकोणीस चोक शहात्तर, उणे सात, म्हणजे एकोणसत्तर गुण मी पुस्तिकेत ठेवून उठलो होतो. दुसऱ्या वर्षी बसण्याइतकी घरची सवड नव्हती.

माझ्या धाकट्या बहिणीने २०२५ साली ही परीक्षा दिली. तिची तयारी करून घेताना मी धडे शिकविले नाहीत. केवळ घड्याळ सांभाळले. ती आज दंतवैद्यकाच्या वर्गात शिकत आहे. पुढे जे लिहितो ते बहुतांशी तिच्या त्या आठ महिन्यांतून शिकलेले आहे.

प्रथम आकडे पाहू. २०२२ ते २०२४ या तीन वर्षी दोनशे प्रश्नांपैकी एकशे ऐंशी सोडवावयाचे असत व वेळ दोनशे मिनिटे असे. २०२५ साली ही निवड गेली आणि वेळही घटला. त्या वर्षी एकशे ऐंशी प्रश्न व एकशे ऐंशी मिनिटे असे प्रमाण झाले: भौतिकशास्त्राचे पंचेचाळीस, रसायनशास्त्राचे पंचेचाळीस आणि जीवशास्त्राचे नव्वद. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक गुण वजा, एकूण गुण ७२०. आकडे असे बदलत असल्यामुळे नवे माहितीपत्रक निघताच सर्वांआधी त्यातील वेळ व प्रश्नसंख्या पाहावी, आणि जुन्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका सोडविताना त्यांना नव्या वर्षाचा वेळ लावावा.

एका प्रश्नास एक मिनिट, हा हिशेब ऐकण्यास सोपा आहे आणि तोच फसवा आहे. एक वर्तुळ नीट काळे करण्यास पाच सेकंद धरले, तरी एकशे ऐंशी वर्तुळांस पंधरा मिनिटे लागतात. उरली एकशे पासष्ट. म्हणजे प्रश्नास पंचावन्न सेकंद. परंतु सर्व प्रश्न सारखे नसतात. जीवशास्त्राचा प्रश्न एक तर आठवतो किंवा आठवत नाही. त्यास सरासरी तीस सेकंद पुरतात. रसायनास एक मिनिट धरावे. भौतिकशास्त्रास दीड मिनिट दिल्यावाचून चालत नाही. या मापाने जीवशास्त्राची पंचेचाळीस मिनिटे, रसायनाची पंचेचाळीस व भौतिकाची सुमारे अडुसष्ट, मिळून एकशे अठ्ठावन्न होतात. वर्तुळांची पंधरा मिनिटे मिळविली की एकशे त्र्याहत्तर. हाती राहतात सात मिनिटे. माझ्या त्या एका विद्युत्‌मंडलाने अकरा घेतली होती, हे वाचकांनी येथे आठवावे.

आता आपल्या भागातील मुलांची जी खरी अडचण आहे तिच्याकडे वळतो. आपली पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पी.यू.सी.ला एकदम इंग्रजी पुस्तके हाती घेतात. त्यांचा वेळ गणित करण्यात जात नाही, प्रश्न वाचण्यात जातो. दोन विधाने देऊन त्यांतील सत्य कोणते असे विचारणारे, किंवा दोन स्तंभांच्या जोड्या लावावयास सांगणारे प्रश्न अर्धे पान व्यापतात. जो मुलगा ते दोनदा वाचल्याशिवाय समजू शकत नाही, त्याचे तीस सेकंद वाचनातच संपतात. घरच्या मंडळींना वाटते, 'याला येत नाही.' शिक्षकांनाही तसेच वाटते. हळूहळू त्यालाही तसे वाटू लागते, आणि हेच सर्वांत वाईट.

माझ्या बहिणीच्या बाबतीत हे आमच्या दुसऱ्याच सराव-पत्रिकेत ध्यानात आले. तिचे अठ्ठेचाळीस प्रश्न राहिले होते. ते मी तिला दुसऱ्या दिवशी घड्याळावाचून सोडवावयास दिले. त्यांतील तीस तिने बरोबर सोडविले. ज्ञान होते, वाचन मागे पडत होते. त्या दिवसापासून रोज सकाळी एन.सी.ई.आर.टी.च्या जीवशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकाची चार पाने मोठ्याने वाचावयाची, असा नेम केला. पाठांतरासाठी नव्हे, वाक्य एका दमात पुरे व्हावे एवढ्यासाठी. दोन महिन्यांनी तिच्या वाचनातला अडखळा गेला. जीवशास्त्राचे प्रश्न त्या पुस्तकाच्या वाक्यांना इतके धरून असतात की या वाचनाचा दुहेरी लाभ झाला.

लांब प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचावी, ही युक्तीही उपयोगी पडली. काय विचारले आहे हे कळले की वरची विधाने शोधक दृष्टीने वाचली जातात. 'नॉट', 'इनकरेक्ट', 'एक्सेप्ट' हे तीन शब्द दिसताच त्यांभोवती गोल करण्याची सवय लावावी. अयोग्य विधान विचारले असता योग्य विधानावर खूण करून येणारी मुले मी कितीतरी पाहिली, आणि ती सगळी अभ्यासू होती. जोड्यांच्या प्रश्नात चारही जोड्या जुळवीत बसू नये. ज्या दोन जोड्यांची खात्री आहे त्या पर्यायांत शोधाव्यात. बहुतेक वेळा तेवढ्याने तीन पर्याय गळून पडतात.

येथे मराठी प्रश्नपुस्तिकेविषयी पालक नेहमी विचारतात. ही परीक्षा तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. मराठी निवडणाऱ्यास इंग्रजी व मराठी अशी दोन्ही भाषांची पुस्तिका मिळते. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मराठी पुस्तिकेची केंद्रे महाराष्ट्रातच असतात. बिदरचे केंद्र घेणाऱ्यास ती मिळत नाही, त्यास लातूर, नांदेड अशा गावी जावे लागते. दुसरी, भाषांतरात शंका आल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. माझे मत विचाराल तर, ज्याने दोन वर्षे 'कपॅसिटर' व 'मोमेंटम' या शब्दांनी अभ्यास केला, त्याला परीक्षेच्या दिवशी 'संधारित्र' व 'संवेग' हे शब्द उलट थबकवतात. मातृभाषेचा अभिमान मलाही आहे. परंतु ज्या भाषेत अभ्यास झाला त्याच भाषेत प्रश्न वाचावेत. अर्ज भरताना निवडलेली भाषा पुढे बदलता येत नाही, म्हणून हा निर्णय घरात आधी बसून करावा.

प्रश्नपत्रिका कोणत्या क्रमाने सोडवावी याबद्दल मतभेद आहेत. आम्ही जीवशास्त्र, मग रसायन व शेवटी भौतिक असा क्रम ठेवला, कारण पहिल्या पाऊण तासात अर्धी पत्रिका हातावेगळी झाली की मन स्थिर होते. कोणास रसायनापासून आरंभ करणे सोयीचे वाटेल. क्रम कोणताही असो, तो परीक्षेच्या दिवशी ठरवू नये. सरावात जो ठरला तोच पाळावा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्रिकेवरून तीन फेऱ्या मारणे. पहिल्या फेरीत जे वाचताच आले तेवढेच करावे. जे येईल असे वाटते पण वेळ घेईल, त्यापुढे अर्धचंद्र काढावा. जे मुळीच ओळखीचे नाही, त्यापुढे फुली. दुसऱ्या फेरीत केवळ अर्धचंद्र पाहावेत. तिसऱ्या फेरीत वेळ उरल्यास फुल्या. हे ऐकण्यास फार सोपे आहे. करण्यास अत्यंत कठीण, कारण हातातला प्रश्न सोडून पुढे जाणे अभ्यासू मुलास अपमानासारखे वाटते. माझ्या बहिणीस हे जमण्यास सहा आठवडे लागले. मी शेजारी बसून दीड मिनिट झाले की पाटावर बोट वाजवीत असे. आरंभी ती माझ्यावर चिडे. एकदा तर तिने पेन फेकले. पण एका प्रश्नावर चार मिनिटे घालवून चार गुण मिळविण्यापेक्षा त्याच चार मिनिटांत जीवशास्त्राचे आठ प्रश्न वाचून होतात, हे तिने स्वतः कागदावर मांडून पाहिले तेव्हा माझ्या बोटाची गरज राहिली नाही.

भौतिकशास्त्रात वेळ वाचविण्याचा मार्ग भराभर गणित करणे हा नव्हे, गणित टाळणे हा आहे. एक उदाहरण देतो. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर, वस्तू भिंगापासून ३० सेंटिमीटर अंतरावर. प्रतिमा किती अंतरावर? पर्याय: १२, २४, ४०, ६०. सूत्र मांडून अपूर्णांक सोडविल्यास ६० येते, आणि त्यास मिनिटभर लागते. परंतु वस्तू नाभी व दुप्पट नाभीय अंतर यांच्यामध्ये असता प्रतिमा दुप्पट अंतराच्या पलीकडे पडते, हे दहावीच्या पुस्तकातच आहे. दुप्पट अंतर ४०. त्याच्या पलीकडचा पर्याय एकच. दहा सेकंदांत उत्तर हाती. प्रत्येक प्रश्नात असे होत नाही. परंतु सूत्राला हात घालण्यापूर्वी चारही पर्यायांकडे एकदा पाहण्याची सवय असली, तर पंचेचाळिसांतील काही प्रश्न तरी असे सुटतात. २०२५ सालचा भौतिकाचा भाग इतका कठीण होता की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यासही ७२० पैकी ६८६ गुण मिळाले. अशा वर्षी जो थांबण्यास शिकला तो तरला.

आता वर्तुळांविषयी. ती काळ्या बॉलपेनने काळी करावयाची असतात आणि एकदा काळे केलेले वर्तुळ बदलता येत नाही. शेवटी एकदम करण्याचा धोका मी वर सांगितलाच. प्रत्येक प्रश्नानंतर पुस्तिका सोडून उत्तरपत्रिकेकडे जाण्यानेही लय तुटते. पुस्तिकेचे एक पान झाले की त्या पानावरील उत्तरे उतरवावीत, हे आम्हांस मध्यम व सुरक्षित वाटले. मध्ये प्रश्न सोडला असेल तर क्रमांक मोठ्याने नव्हे, पण ओठांत म्हणून मगच पेन टेकवावे. एक क्रमांक सरकला की पुढची सारी रांग सरकते.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हा वादाचा प्रश्न आहे. हिशेब पाहू. मुळीच माहिती नसता चार प्रश्नांस अंदाजाने उत्तरे दिली, तर सरासरीने एक बरोबर व तीन चूक. चार उणे तीन, हाती एक गुण. म्हणजे नुकसान नाही, पण लाभही नगण्य, आणि दैव उलटल्यास चारही जातात. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर मात्र दोन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर, एक चूक. हाती तीन गुण. तेव्हा दोन पर्याय बाद झाले असतील तर उत्तर अवश्य द्यावे आणि त्या दोहोंमध्ये झोके घेत बसू नये. झोके घेण्यात जो वेळ जातो तो वजा होणाऱ्या एका गुणापेक्षा महाग असतो.

सराव-पत्रिका पुष्कळ सोडविल्या की गुण आपोआप वाढतात, हा समज मला खरा वाटत नाही. लातूरच्या शिकवणीवर्गांतून गठ्ठेच्या गठ्ठे आणून सोडविणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांचे गुण महिनोन्‌महिने एका जागी असतात. आठवड्यास एकच पूर्ण पत्रिका सोडवावी आणि दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ तिच्या चुकांना द्यावा. आम्ही एक वही केली होती. प्रत्येक चुकलेल्या किंवा राहिलेल्या प्रश्नापुढे तिने तीनपैकी एक शब्द लिहावयाचा: 'नव्हते', म्हणजे येत नव्हते, 'वाचन', म्हणजे चुकीचे वाचले, 'वेळ', म्हणजे पोहोचलेच नाही. पहिल्या महिन्यात 'वाचन' व 'वेळ' हे शब्द 'नव्हते' याच्या दुपटीहून अधिक होते. फेब्रुवारीत ते निम्म्यावर आले, आणि मग उरलेल्या 'नव्हते' शब्दांवरून कोणते धडे पुन्हा वाचावेत हे आपोआप कळले. गंमत अशी की दातांच्या डॉक्टरकीची ही परीक्षा, पण पचनसंस्थेचे प्रकरण, जेथे दातांचे वर्णन येत असे, ते २०२४ पासून अभ्यासक्रमातूनच वगळले आहे. जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी म्हणूनही नवा अभ्यासक्रम पाहून घ्यावा.

घरच्या मंडळींस एक विनंती. परीक्षा दुपारी दोन ते पाच या वेळात झाली आहे, म्हणून पूर्ण पत्रिकेचा सराव त्याच वेळात करावा. आपल्याकडे ही वेळ जेवणानंतर आडवे होण्याची आहे, आणि शरीराला ती सवय असते. त्या तीन तासांत मुलास दुकानात धाडू नये, पाणी मागू नये, पाहुण्यांपुढे बोलावू नये. आमच्या आईने हे फार कसोशीने पाळले. एप्रिलमध्ये घरातल्याच एका लग्नास बहीण गेली नाही, तेव्हा नातलगांत बोलणे झाले. ते आईने एकटीने ऐकून घेतले.

गुणांबरोबर कागदांचीही वेळ पाळावी लागते. २०२५ साली खुल्या वर्गास पात्रतेची मर्यादा १४४ गुणांची होती. परंतु पात्र ठरणे म्हणजे जागा मिळणे नव्हे, हे कित्येकांस निकालानंतर कळते. आपला बिदर जिल्हा कलम ३७१-जे खाली येत असल्यामुळे या भागातील शिक्षणसंस्थांत सत्तर टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव असतात आणि राज्यातील इतर भागांत आठ टक्के. त्यासाठीचा दाखला आधी काढून ठेवावा. महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांतही सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्यांसाठी काही थोड्या जागांची तरतूद ठेवली गेली आहे. अकरावी-बारावीस मुलाला लातूर किंवा उदगीरला ठेवण्यापूर्वी, कोणत्या राज्यात किती वर्षे शिकल्यास कोठे पात्रता राहते, हे दोन्ही राज्यांच्या त्या वर्षीच्या नियमांत वाचूनच निर्णय घ्यावा. या एका चुकीमुळे चांगल्या गुणांचाही उपयोग होत नाही.

परीक्षेच्या दिवशी केंद्राचे दार दीड वाजता बंद होते. आदल्या दिवशी मुक्कामास जाणे बरे; मे महिन्याच्या उन्हात सकाळची बस किंवा गाडी चुकली तर दुसरा उपाय नसतो. अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे व चपला असाव्यात. मनगटी घड्याळ आत नेता येत नाही. म्हणून सरावही मनगटावर घड्याळ न बांधता, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहूनच करावा. नाही तर त्या दिवशी नजर वारंवार रिकाम्या मनगटाकडे जाते. पेन केंद्रावरच मिळते.

दुपारी मंदिर बंद असताना सभामंडप शांत असतो आणि तेथे भिंतीवर चालते घड्याळ आहे. दर रविवारी दोन वाजता काही मुले तेथे पूर्ण पत्रिका सोडवितात, वेळ मी धरतो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी बसण्यास पाट, टेकण्यास पाटी व काळे बॉलपेन आणावे, आणि पावणेदोनपर्यंत यावे.